चार बोटं कमी

येडशीच्या चौकात फ्लेक्स लागणं ही काही बातमी नव्हे. कुणाचा वाढदिवस, कुणाची निवड, कुणी नुसता पुण्याहून सुट्टीला घरी आला तरी तिथं फ्लेक्स लागतो आणि पुढचा लागेपर्यंत वाऱ्यानं फडफडत राहतो. पण त्या सोमवारी शिवरंजनीनं चौकात स्कूटी थांबवली ती थांबलीच. मागचा ट्रकवाला भोंगा वाजवून वाजवून दमला आणि शेवटी शिव्या देत बाजूनं गेला. ती वर बघत राहिली.

फ्लेक्सवर तिचा धाकटा भाऊ होता, सिद्धाराम. काळा गॉगल, हाताची घडी, हनुवटी आभाळाला लावलेली. त्याच्यामागं खदानीचा चढ आणि चढावर दोन चाकं हवेत गेलेली जीप. खाली लाल अक्षरांत लिहिलं होतं: 'येडशीचा वाघ! खदान-शर्यतीचे धाडसी ड्रायव्हर सिद्धारामभैय्या यांना हार्दिक शुभेच्छा!' शुभेच्छुक म्हणून सगळी मित्रमंडळी होती, त्यातल्या दोघांना सायकलसुद्धा धड चालवता येत नव्हती.

आता ऐका. ती जीप त्या चढावर गेली होती हे खरं, पण चालवत होती रंजी. शिवरंजनीला घरात आणि वडिलांच्या शेडात सगळे रंजीच म्हणत. सिद्धाराम तेव्हा खाली सावलीत उभा राहून मोबाइलवर शूटिंग करत होता. त्यातलाच फोटो आता फ्लेक्सवर आला होता, आणि आत बसलेली बाई कुणाला दिसू नये म्हणून जीपच्या काचेवर वाघाचं तोंड चिकटवलं होतं. आपल्या तोंडावर वाघ बघून रंजीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

शेड हमरस्त्याला लागूनच होतं. तिचे वडील शरणबसप्पा तिथं ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बांधायचे. सगळे त्यांना आप्पा म्हणत. ती भंगारातली जीप रंजीनं दोन वर्षं खपून उभी केली होती, आणि दिवाळीच्या फराळाला सगळ्या पावण्यारावळ्यांसमोर आप्पांनी शब्द दिला होता, "पिंजरा बांध, अन् शर्यतीत तूच चालव." पिंजरा म्हणजे रोल केज. शर्यतीच्या गाडीत आतून पोलादी पाईपांचा सांगाडा बसवतात, गाडी उलटली तर छप्पर ड्रायव्हरच्या डोक्यावर बसू नये म्हणून. तो नसला तर खदानीच्या शर्यतीत गाडी उतरूच देत नाहीत.

रंजीनं स्कूटी शेडात आणून आदळली.

"चौकात काय लावलंय ते?"

आप्पांनी वेल्डिंगचा चष्मा कपाळावर सरकवला. "फ्लेक्स हाय. वाचाय येतंय की तुला."

"गाडी मी चालवणार होते."

"होतीस," आप्पा म्हणाले. "आता रविवारी आळंदचे पावणे येणार हायत शर्यत बघाय. सिद्ध्याची सोयरीक जमलालीय तिथं. थोरली भण नांदली न्हाय, हे त्येनला ठावं हाय. ती जीप उडवती, हे बी डोळ्यांनी बघू द्यावं का?"

नांदली नाही! हे दोन शब्द त्या घरात मिठासारखे रोज लागत. नवरा रोज पिऊन यायचा, हात उचलायचा, आणि एक दिवस रंजीनं पाना उचलला तेव्हा त्याच्या मनगटाचं हाड मोडलं. एवढं सगळं कुणी सांगत नसे. नांदली नाही, संपलं.

सिद्धाराम पिंपावर बसून मोबाइल बघत होता. मान वर न करता म्हणाला, "अक्का, पिंजरा तूच बांध की. तुज्यासारखा हात हाय का कुणाचा? नाव तुजंच व्हईल."

"कुठं व्हईल? वाघाच्या नाकावर?"

"उगं तोंड वाजवू नकोस," आप्पा म्हणाले. "बांधतीस का न्हाय, त्येवढं सांग."

रंजीनं दोघांकडं आळीपाळीनं बघितलं. मग ओढणी कमरेला खोचली आणि म्हणाली, "बांधते."

सिद्धारामनं हुश्श केलं. मूर्खच म्हणायचा. रंजी भांडत होती तोवर भ्यायचं काही कारण नव्हतं. ती इतक्या सहज हो म्हणाली तेव्हा खरं म्हणजे त्यानं सावध व्हायला पाहिजे होतं.

पिंजऱ्याचं माप जितकं गाडीवरून घेतात तितकंच आत बसणाऱ्यावरून. माणसाला सीटवर बसवायचं, पट्टे आवळायचे, डोक्यावर हेल्मेट घालायचं. मग बारीक सळई वाकवून त्याच्या मागून आणि डोक्यावरून फिरवायची. हेल्मेटच्या वर मूठभर जागा मोकळी सोडायची, म्हणजे गाडी आदळली तरी डोकं पाईपाला लागत नाही. ती सळई शेडाच्या फरशीवर ठेवून खडूनं पुऱ्या मापाची आखणी काढायची, आणि वाकण कुठं सुरू होतं, कुठं संपतं तिथं खुणा करायच्या. हे सगळं आधी. पाईपाला हात त्यानंतर.

"बस इथं, माप दे," रंजीनं सिद्धारामला हाक मारली.

"माप कशाला? सूट शिवायचाय का?" तो मित्रांना डोळा मारून म्हणाला, आणि मोटारसायकलला किक मारून रामलिंगच्या घाटात व्हिडिओ काढायला निघून गेला.

मग रंजीनं स्वतःच हेल्मेट घातलं, सीटवर बसली, पट्टे आवळले आणि शेडातल्या कामगाराला म्हणाली, "सळई धर. माज्या डोस्क्यावर धर."

सिद्धाराम दारातून वाकून येणारा गडी. रंजी त्याच्या खांद्याला लागायची. कामगारानं सळई धरली, तिच्याकडं बघितलं आणि तिचे डोळे बघून ती तिच्याच डोक्यावरून वाकवली.

पाईप पुण्याहून मागवलेला होता, बिनशिवणीचा, म्हणजे अंगावर उभा सांधा नसलेला, एका पिंजऱ्यापुरता आणि वर एक नग जास्तीचा. आप्पांच्या उमेदीत पाईपात कोरडी वाळू ठासायचे, भट्टीत लाल करायचे आणि खांबाला अडकवून वाकवायचे. रंजीकडं आता हायड्रॉलिकचं बेंडर होतं. त्याच्या गोल डायभोवती पाईप ओढला जातो आणि वाकतो. म्हणून काम सोपं होतं असं नाही. पोलादाला स्वतःची खोड असते. दाब सोडला की वाकलेला पाईप थोडा परत उलगडतो, म्हणून काटकोन पाहिजे तर काटकोनाच्या पुढं न्यावा लागतो. किती पुढं, ते आधी रद्दी तुकडा वाकवून बघायचं. घाई केली की वाकणाच्या आतल्या अंगाला सुरकुत्या पडतात आणि पाईप चेमटतो. चेमटलेला पाईप भंगारात टाकायचा, ठोकून सरळ करायचा नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट मुख्य कमानीची. ड्रायव्हरच्या पाठीमागं उभी राहणारी ही कमान एकाच अखंड पाईपाची लागते, एका पायापासून वर जाऊन दुसऱ्या पायापर्यंत. गाडी उलटली की सगळा भार तिच्यावर येतो. तिच्यात सांधा चालत नाही.

रंजीनं कमान वाकवली. पहिल्या वाकणाला सिद्धारामला शिवी दिली, दुसऱ्याला आप्पांना. शिव्या कानडीतून दिल्या, कारण त्या घरात मनापासूनचं बोलणं कानडीतच व्हायचं. पण हात रागावला नव्हता. दोन वाकणांच्या मध्ये पाईप जरासुद्धा फिरू नये म्हणून तिनं त्यावर लेव्हल ठेवून तीनतीनदा बघितलं. कमान फरशीवर आडवी ठेवली तर चारी बाजूंनी टेकली, कुठं डुगडुगली नाही. मग पुढची कमान, मग छपराचे पाईप, मागचे टेकू. जिथं पाईप पाईपाला भेटतो तिथं त्याचं टोक खोलगट कापलं, दुसऱ्याच्या गोलाईला मिठी मारून बसेल असं, आणि सांध्याला फिरवून पुरता वेल्ड दिला. उत्तम पिंजरा बांधला तिनं. फक्त तो तिच्या मापाचा होता.

गुरुवारी सिद्धाराम मित्रांना घेऊन आला. हेल्मेट घातलं, रुबाबात आत शिरला आणि 'ठक्' आवाज झाला. परत बसला, परत 'ठक्'. हेल्मेट वरच्या पाईपाला भिडत होतं. मान सरळ ठेवली तर बसता येईना, बसलं तर मान खांद्यावर पाडावी लागत होती.

"असाच चालव," रंजी म्हणाली. "फोटू बरा येतोय."

शेडातले कामगार फुटले. एकानं हातोडा खाली ठेवला आणि पोट धरून बसला. मित्रमंडळींपैकी कुणीतरी म्हणालं, "वाघाची मान मोडली की!" आणि मग तेही हसायला लागले. सिद्धाराम खाली उतरला, त्यानं हेल्मेट फरशीवर आपटलं. कानापासून गळ्यापर्यंत लाल झाला होता.

"मुद्दाम केलीस!"

"व्हय, मुद्दाम," रंजी म्हणाली. "माप द्याय बोलवलं तवा घाटात नाचाय गेलतास. आता बस मान वाकडी करून."

"दुसरी कमान काढ," आप्पा गरजले.

"न्हाय काढत."

"रंजे, मार खाशील."

"मारा. कमान मी न्हाय काढत."

मग सिद्धारामनंच जास्तीचा नग बेंडरवर चढवला. सगळे बघत होते, त्यात मित्र मोबाइल काढून उभे. त्यानं हँडल असं दाबलं जसं काही रंजीचा गळाच हातात आहे. पाईप वाकला आणि वाकणापाशी पिळलेल्या धुण्यासारखा चेमटून बसला. पुन्हा हशा. त्यानं पाईप कोपऱ्यात भिरकावला आणि कुणाच्याही तोंडाकडं न बघता बाहेर गेला. आप्पा मात्र हसले नाहीत, ओरडलेही नाहीत. ते जीपभोवती एक फेरी मारून घरी गेले.

शनिवारी सकाळी आप्पा स्वतः चहाचा कप घेऊन रंजीजवळ येऊन बसले.

"चालव तू," ते म्हणाले. "गाडी तुजीच हाय. पावण्यास्नी काय सांगायचं ते मी सांगतो. पर आदी सोनारीला जाऊन ये. भैरोबाला नारळ फोड, गाडीला अंगारा आण. तुज्या आव्वाचं बी लई दिवसांचं मागं लागणं हाय. आज मुक्काम करा, पहाटंची आरती करून निघा, तितनं सरळ शर्यतीला."

कुणी म्हणेल, एवढी तिखट बाई, तिला संशय कसा आला नाही? नाही आला. बापानं "गाडी तुझी" म्हटलं आणि पोरीची सगळी अक्कल पाण्यात गेली. ती आईला, प्रेमाबाईला घेऊन एस.टी.नं सोनारीला गेली. रांगेत उभी राहिली, नारळ फोडला, अर्धी वाटी माकडानं हातातून पळवली तेव्हा कितीतरी दिवसांनी खळखळून हसली. देवापुढं हात जोडून तिनं चढावर गाडी बंद पडू नये एवढंच मागितलं.

रविवारी सकाळी गाडीला अंगारा लावायला ती आधी शेडात आली तेव्हा तिथं जीप नव्हती.

फरशीवर लोखंडाचा भुगा पडला होता. कटरची झिजलेली चाकं, पिवळ्या रंगाचे ओघळ, पॉलिशपेपर, आणि गाडीचे पोचे भरायला वापरतात त्या लांबीचा उघडा डबा. कोपऱ्यात सिद्धारामनं चेमटवलेला पाईप होता. त्याचा सरळ भाग कापून नेलेला. रंजीनं उरलेला एक तुकडा उचलला आणि त्याला हात लावून बघितला. बरोबर चार बोटं.

तिला सगळं कळलं. पिंजऱ्याचे चारी पाय कापले होते. मध्ये चार-चार बोटांचे तुकडे घालून पिंजरा उंच केला होता. वेल्डचा फुगवटा दिसू नये म्हणून घासून सपाट केला, वर लांबी फासली, वर पिवळा रंग. वेल्ड घासून टाकला म्हणजे जे धरून ठेवतं तेच काढून टाकलं. गाडी सरळ चालली तर काही होणार नाही. उलटली तर पाय मोडतील आणि कमान आतल्या माणसावर खाली येईल.

"आप्पांनी केसानं गळा कापला," ती म्हणाली.

प्रेमाबाई दारात उभी होती. ती काही विचारत नव्हती. पदराचं टोक बोटाला गुंडाळत दुसरीकडं बघत होती.

"आव्वा, तुला ठावं व्हतं?"

"त्याचं लगीन जमू दे गं," प्रेमाबाई म्हणाली. "एक दिस चालवू दे. तुजं काय जातंय?"

रंजी पिंपावर बसली. मरू दे, तिच्या मनात आलं. अगदी स्पष्ट आलं, आणि तिला त्याची लाजही वाटली नाही. मरू दे दोघांना, एकाला पिंजऱ्याखाली आणि दुसऱ्याला ते बघून. पण चढ डोळ्यांपुढं येत राहिला. वरच्या टोकाला डावीकडं झुकणारा खडक आहे. तिथं नवखा माणूस ब्रेक मारतोच, आणि ब्रेक मारला की गाडी मागं उलटते. तिथं कमान खाली येणार, तिनं लेव्हल लावून वाकवलेली कमान. आणि गाव म्हणणार, रंजीनं बांधलेला पिंजरा होता. ती उठली ते भावासाठी उठली की त्या कमानीसाठी, हे तिला त्या वेळी कुणी विचारलं असतं तर तिनं विचारणाऱ्यालाच पाना फेकून मारला असता.

शर्यत तेरखेड्याच्या वाटेवर, बंद पडलेल्या खदानीत होती. माणसं दगडांवर, झाडांवर, ट्रॉल्यांवर चढून बसली होती. प्रत्येक गाडी सोडताना तेरखेड्याचा सुतळी बॉम्ब लावत होते आणि धूर विरायच्या आत पुढची गाडी रेषेवर येत होती. मांडवात आळंदचे पावणे बसले होते, हातात थंड्याच्या बाटल्या. पिवळाधमक पिंजरा घातलेली जीप रेषेवर उभी होती. आत पट्टे आवळून, हेल्मेट घालून सिद्धाराम. मान सरळ.

रंजी धावत फकरुद्दीनकडं गेली. धाराशिवला त्यांचं गॅरेज होतं, आणि शर्यतीच्या गाड्या तपासायचं काम त्यांच्याकडं होतं.

"फकरूभाई, ह्या गाडीचा पिंजरा तपासला तुमी?"

"तुज्या हातचा ना बेटी?" फकरुद्दीन म्हणाले. "तुजं काम म्हणल्यावर काय बघायचं? पास केला."

"पाय कापल्यात त्याचे. चारी. वरनं लांबी लावलीय. रंग खरवडून बघा."

फकरुद्दीन जीपकडं वळले तोच आप्पा मध्ये आले. धुतलेलं धोतर, कपाळाला विभूती, आणि पावण्यांना ऐकू जाणार नाही असा दबका आवाज.

"हिचं डोस्कं फिरलंय. हिला चालवायची व्हती, ती भेटली न्हाय, म्हणून बोंबलतीय."

"आप्पासाब, जरा खरवडून बघतो. त्यात काय हरकत हाय?"

"पावण्यांपुढं माजी गाडी खरवडणार?" आप्पा म्हणाले. "एवढ्या वर्साची आपली ओळख. माज्या शब्दावर भरोसा न्हाय का तुमचा?"

आणि फकरुद्दीन थांबले. भला माणूस होता, तिथंच घोटाळा झाला. त्यांनी आप्पांच्या कपाळाकडं बघितलं, रंजीकडं बघितलं, दाढीवरून हात फिरवला. "आप्पासाबनी शब्द दिलाय बेटी," ते हळूच म्हणाले. तिकडं बॉम्बवाला काडी घेऊन तयार होता. लोक शिट्ट्या मारत होते. सिद्धारामनं इंजिन रेस केलं आणि हेल्मेटमधून ओरडला, "अक्का, सरक बाजूला!"

"उतर खाली, सिद्ध्या! पाय कच्चे हायत!"

"तुजंच पोट दुखतंय! सरक!"

रेषेच्या शेजारीच दुरुस्तीचा तंबू होता. तिथं जनरेटर धडधडत होता आणि टेबलावर ग्राइंडर पडला होता, कटरचं चाक लावलेला. रंजीनं तो उचलला. कुणाला काही समजायच्या आत ती जीपच्या दुसऱ्या बाजूला, सिद्धारामच्या शेजारच्या रिकाम्या सीटकडं पोचली आणि मुख्य कमानीच्या वरच्या वाकणावर तिनं चाक टेकवलं.

पायांवर नाही. पाय पुन्हा जोडले असते. लबाड माणसं होती, तासाभरात जोडून आणली असती. कापलेली कमान मात्र कुणालाच पास करता आली नसती.

ठिणग्यांचा फवारा उडाला. सिद्धाराम किंचाळला. पट्ट्यांनी जखडलेला, त्याला धड उठता येईना की वळता येईना. दोघंतिघं धावले आणि चार हातांवरच थबकले, कारण चालू ग्राइंडरपुढं कोण जाणार? आप्पा ओरडत होते, "बंद करा! जनरेटर बंद करा!" पण जनरेटरवाला तोंड उघडं टाकून बघत राहिला. रंजीला पाईपाची जाडी ठाऊक होती. हाताला भार हलका लागला तेव्हा तिला कळलं की आरपार गेलं. जिथं एकही सुरकुती पडू दिली नव्हती ते तिचं वाकण मधोमध फाकलं आणि पिवळ्या रंगाखालचं पोलाद पांढरं चमकलं.

तिनं ग्राइंडर बंद केला.

"आता कुणीच चालवू शकत न्हाय," ती म्हणाली. "त्यो बी न्हाय, मी बी न्हाय."

आप्पांनी तिच्या मुस्काटात मारली. सगळ्या खदानीसमोर, सगळ्या मोबाइलांसमोर. "कैदाशिणी! भावाचं वाटोळं केलंस! आजपासनं तू मला मेलीस!"

रंजीनं गालाला हातही लावला नाही.

कुणीतरी पट्टे सोडले तसा सिद्धाराम बाहेर पडला. तो इतका भडकला होता की काय करावं हे त्याला सुचेना. रंजीवर धावून गेला, पण तिच्या हातात अजून ग्राइंडर होता. मग वळून त्यानं ती कापलेली कमान दोन्ही हातांनी धरली आणि उपटून काढायची असल्यासारखी हिसडली. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा खालून कर्रर्र आवाज आला. पायाजवळची पिवळी लांबी पापुद्र्यासारखी गळून पडली आणि पाईपात एक काळी भेग उघडली.

फकरुद्दीन गुडघ्यावर बसले. त्यांनी भेगेत बोटाचं नख घातलं आणि ते आरामात आत गेलं. "या अल्लाह," ते म्हणाले. त्यांनी मान वर करून आप्पांकडं बघितलं. आप्पा मांडवाकडं बघत होते.

मांडवात आळंदचे पावणे उठले होते. म्हाताऱ्यानं चपला शोधल्या. बरोबरच्या पोरानं तोंडाला रुमाल लावला होता, पण खांदे हलताना दिसत होते. झाडांवरून, ट्रॉल्यांवरून आधी एक शिट्टी आली, मग दुसरी, मग कुणीतरी ओरडलं, "वाघाचा पिंजरा तुटला रे!" आणि सगळी खदान हसत सुटली.

"बग," रंजी भावाला म्हणाली. "बग डोळ्यांनी. मेला असतास."

सिद्धारामनं हेल्मेट काढलं. केस घामानं कपाळाला चिकटले होते, डोळे भरले होते, आणि ते त्याला लपवता येत नव्हतं.

"मेलो असतो तर मेलो असतो," तो म्हणाला. "लोकं रडली असती. आता जलमभर हसतील, अक्का."

रंजीनं तोंड उघडलं. अरे मूर्खा, जीव वाचवला तुझा, असं म्हणायचं होतं. पण तिला त्याचा तो शेडातला, कानापासून गळ्यापर्यंत लाल झालेला चेहरा आठवला. कमान चार बोटं कमी वाकवताना तिला दुसरं काय पाहिजे होतं? तो बसावा आणि लोक हसावेत, एवढंच पाहिजे होतं. त्या हसण्याला भिऊनच बापलेकांनी पाय कापले होते. तिला पाहिजे होतं ते आज चारी बाजूंनी दगडांवर बसून हसत होतं, आणि ते थांबवणं तिच्या हातात नव्हतं.

तिनं ग्राइंडर नेऊन तंबूतल्या टेबलावर ठेवला.

बॉम्बवाल्यानं पुढची गाडी बोलावली. रेषा मोकळी करायची होती. जीप ढकलत टेम्पोपर्यंत नेऊन दोन बाजूंनी दोर लावून वर ओढायची होती. रंजीनं एका बाजूचा दोर हाताला गुंडाळला आणि थांबली. सिद्धाराम हेल्मेट तिथंच टाकून रस्त्याकडं चालत गेला, आप्पा त्याच्यामागून. दुसऱ्या बाजूचा दोर बराच वेळ मुरमात पडून होता. मग फकरुद्दीननं तो उचलला.